नाट्यपद ऐकायला जाताना

संगीत नाटकाला आपण जातो तेव्हा बहुतेकांचे लक्ष गळ्याकडे असते. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या घरांत तर अधिकच. तिसऱ्या-चौथ्या पिढीला चाल ठाऊक असते, पण पद कोणत्या पात्राच्या तोंडी आहे आणि का, हे ठाऊक नसते. संस्कृत वळणाचे जोडशब्द तर मुलांना परकेच वाटतात.

म्हणून नाटकाला जाण्यापूर्वी पुस्तक काढा आणि तीन-चार पदे चाल न लावता मोठ्याने वाचा. वाचताना वृत्त कळते. दिंडीच्या ओळीत १९ मात्रा, नवव्या मात्रेनंतर थांबा. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी ही कीर्तनातून लोकांच्या कानांत बसलेली वृत्ते त्यांनी संवादाच्या ओघातच ठेवली. पात्र बोलता बोलता गाऊ लागे आणि गाता गाता पुन्हा बोलू लागे. त्यात ताना घ्यायला जागा थोडी, म्हणून शब्द स्वच्छ पोहोचत. पुढे बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर शकुंतला, सुभद्रा म्हणून गाजले ते याच पदांवर.

चित्र पालटले ते ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकांपासून. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी अनुक्रमे त्यांना रागदारीच्या चाली दिल्या. पद लांबले, ‘वन्स मोअर’ वाढले. मला त्या चाली अतिशय प्रिय आहेत, हे आधीच कबूल करतो. तरी रुक्मिणीची घालमेल तानेत हरवली की नाटक तेथेच थांबते आणि मैफल सुरू होते.

तेव्हा नाट्यगृहात एवढे करा. पदाआधीचे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. पद बहुधा त्याचेच उत्तर असते. ध्रुवपद पहिल्यांदा गातात तेव्हाच शब्द धरा, विस्तार नंतर येतो. अंतऱ्यानंतर ध्रुवपद परतले की त्याच शब्दांचा अर्थ किंचित सरकलेला आहे का, ते पाहा. चांगला नट-गायक तो सरकवतोच.

शेजारी नातवंड असेल तर अडलेला शब्द त्याला मध्यंतरात सांगा, पद चालू असताना नव्हे. मी एकदा सांगत होतो, तर पुढच्या रांगेतल्या आजी वळून बघू लागल्या. आणि नातीने त्यांनाच विचारले, ‘आजी, तुम्हाला तरी कळला का हा शब्द?’