कुठेतरी पाणी मुरते आहे!

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. वरवर दिसते त्यामागे न दिसणारे काही असावे, असा संशय. हा त्याचा अर्थ. मुले तो वहीत उतरून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवितात. पण ज्या कुणाच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघाले असतील, त्याच्या घराची भिंत खरोखरच ओली असावी, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षांपूर्वीची दिवाळी उजाडावी लागली.

धर्माबादचे आमचे घर दोन काळांत बांधलेले आहे. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. मागची खोली आजोबांच्या वेळची. मातीच्या जाड भिंती, कडीपाट आणि वर माळवद. लहानपणी त्या माळवदावर आमच्या गावच्या लाल मिरच्या वाळत पडत आणि खाली आम्ही शिंकत असू. आता तिथे आई राहते. स्लॅबखाली तिला उकडते. तिची सोय म्हणून काही वर्षांपूर्वी खोलीला लागूनच न्हाणीघर काढले, पाण्याचा नळ भिंतीत लपवून नेला आणि मातीची ती भिंत सिमेंटने छान गुळगुळीत करून घेतली. माझ्या हौसेचे तेव्हा सर्वांनी कौतुक केले.

पुढे आईच्या पलंगाच्या वर, कोपऱ्यात, ताटलीएवढा एक डाग उमटला. नवरात्रात रंगारी आला, त्याने पोपडे खरवडले, लांबी भरली, रंग दिला. होळीच्या सुमारास डाग परत आला, सुट्टीहून परतलेल्या विद्यार्थ्यासारखा थोडा अंगाने भरून. असे तीन वर्षे चालले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपण भिंतीला नुसती पावडर लावतोय.” मी हसून सोडून दिले.

आई मात्र वेगळेच सांगत होती. “अरे, रात्री वास येतो. ओल्या पोत्यासारखा.” तिला खोकलाही लागला होता. आम्हाला कुणालाच वास येत नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला काहीही भास होतात, असे मनाशी ठरवून मी तिला चांगल्यापैकी अगरबत्ती आणून दिली!

त्या दिवाळीत बहीण मुलाबाळांसह भाऊबिजेला येणार होती. रंगारी भेटेना, म्हणून ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. अर्धे मराठी, अर्धे तेलुगू बोलणारे, साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांनी रंगाचा डबा पाहिलाही नाही. टरबूज ठोकून पाहावे तशी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकीत ते डागापासून पार न्हाणीघरापर्यंत गेले. काही ठिकाणी आवाज भरीव येई, काही ठिकाणी पोकळ. मग स्टुलावर चढून त्यांनी भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला पेचकस लावला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा.

“सर,” ते खाली उतरून म्हणाले, “रंग काय, कधीबी देता येतो. आधी मायचा पलंग इथून काढा.”

पलंग बरोबर त्या तुळईखाली होता.

त्या रात्री त्यांच्या सांगण्यावरून आम्ही घरातले सारे नळ बंद केले, टाकीत येणारे पाणीही बंद केले आणि टाकीत पाण्याच्या रेघेवर खूण केली. सकाळी पाणी चार बोटे उतरले होते. घरात कुणी थेंबही वापरला नव्हता. ते पाणी भिंत पीत होती. गळत होता तो नळाचा सांधा, डागापासून आठ फूट दूर.

आम्ही भाषेचे लोक अभिधा आणि लक्षणा यांत फरक करतो. शब्द एक सांगतो, अर्थ दुसरीकडेच असतो. भिंतीवरचा डाग ही लक्षणा आहे. तो जिथे दिसतो तिथे पाणी शिरलेले असेलच असे नाही. पणतीत तेल खाली असते, पण वातीतून ते वर चढते. तसेच विटा, माती आणि चुना यांच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढते, आडवे धावते आणि वाट मिळेल तिथे बाहेर येते. त्यातून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर आतली ओल सहजी सुकत नाही. माझ्या हौसेने भिंतीचा श्वासच कोंडला होता.

तेव्हा डाग कुठे आहे एवढेच न पाहता, तो कधी वाढतो हेही पाहावे. पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात सुकला, तर छप्पर, पन्हळ किंवा बाहेरच्या भिंतीची भेग तपासावी. आमच्याकडच्या काळ्या मातीत अशा भेगा नेहमीच्या; ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि वरचे घर हलविते. डाग बारा महिने सारखाच राहिला, तर नळ किंवा मोरी. जमिनीपासून कमरेपर्यंतच ओल असून वर पांढरा लोणा फुलला असेल, तर जमिनीतले पाणी चढते आहे. शंकाच असेल, तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेत.

डाग नसला म्हणजे ओल नाही, असेही समजू नये. भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीमागची काळी बुरशी, एकाएकी फुगून अडणारे दार, चौकटीला लागलेली वाळवी, ही सारी चाहूलच. स्लॅबवर तांबूस रेघ दिसली तर विशेष जपावे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि खालचे सिमेंट फोडून बाहेर पडतो. ओल्या भिंतीवरच्या विजेच्या बटणाला हात लावताना झिणझिण्या आल्या तर मुख्य बटण बंद करून आधी वायरमनला बोलवावे. आणि घरात कुणाला दमा, खोकला असेल तर हयगय नको. ओल आणि बुरशी यांनी श्वासाचे विकार बळावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याच विषयावरच्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

हे सारे शिकत असताना मला सारखी किल्लारी आठवत होती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली आणि वडिलांनी आम्हाला अंगणात ओढले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. ती माळवदे इतकी जड का झाली होती? गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत होती. जुनी काढायची नाही, नवी टाकायची. असे थर साचत काही घरांवर दोन फुटांपर्यंत माती चढलेली होती. गरिबाच्या घरी दुसरा उपाय तरी काय होता? मला मात्र होता, आणि तरीही मी तेच करीत होतो. गळतीच्या मुळाशी न जाता वर थर चढवीत होतो. माझा थर रंगाचा होता, एवढेच.

ती दिवाळी रंगाविना झाली. नळ भिंतीबाहेर काढला, सिमेंटचा गिलावा उतरविला, तुळईखाली टेकू दिला. बहीण आली तेव्हा खोलीच्या मधोमध लाकडी खांब उभा आणि भिंत उघडी. रंगासाठी ठेवलेले पैसे पुढे नव्या तुळईत गेले आणि वर कर्जही झाले. भिंत सुकायला संक्रांत उलटली. मग तिला चुन्याचा गिलावा केला. आई परत आपल्या खोलीत झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ती सहज म्हणाली, “आता वास नाही येत.”

यंदा भिंतीला रंग दिला आहे. मात्र रंगाऱ्याला बोलाविण्यापूर्वी मी आईच्या खोलीत गेलो आणि विचारले, “आई, वास येतो का गं?”