कागदावरची विजययात्रा

लढाई जिंकून आलेल्या सेनापतीची प्राचीन रोममध्ये मिरवणूक निघे. पुढे लुटीचा माल, साखळदंडांतले कैदी आणि मग रथात स्वतः तो वीर! त्या वैभवाच्या स्मरणार्थ दगडी कमानी उभ्या राहात. पुढे सोळाव्या शतकात जर्मन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याला तसेच वैभव हवेसे वाटले. पण तिजोरीत सदाचा खडखडाट. राज्याभिषेकाला रोमला जावे, तर व्हेनिसने वाट अडवलेली. अखेर १५०८ साली ट्रेंट गावीच त्याने 'निर्वाचित सम्राट' ही पदवी घेतली.

मग त्याने कमान उभारली ती कागदाची. थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या देखरेखीखाली १९५ लाकडी ठोकळे कोरले गेले. त्यांचे ठसे ३६ मोठ्या कागदांवर घेऊन जोडले, की साडेतीन मीटर उंचीची कमान तयार! तिच्यावर सम्राटाच्या लढाया आणि पूर्वजांची भली मोठी वंशावळ. दगडी कमान एकाच गावी उभी राहते. हिच्या प्रती गावोगाव धाडता येत. छापखान्याचे हे मर्म त्याला फार लवकर उमगले होते म्हणायचे.

कमानीच्या जोडीला मिरवणूकही हवीच. १५१२ साली तिचा तपशील सम्राटाने चिटणिसाला तोंडी सांगितला. सगळे कागद जोडले तर लांबी भरते सुमारे ५४ मीटर! तीतल्या एका पथकापाशी मी नेहमी थबकतो. ते आहे 'कालिकतचे लोक'. काढणारा हान्स बुर्कमायर. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. पोर्तुगीज गलबतांतून जाऊन आलेल्या एका जर्मनाच्या वृत्तान्तासाठी १५०८ साली चित्रे काढली, एवढीच ओळख. हत्ती आपला खरा. पण मागच्या लोकांच्या कमरेला पिसांचे घागरे आणि हाती मक्याची कणसे! दोन्ही अमेरिकेतली. मॅक्सिमिलियनने कालिकतला कधी फौज धाडली नव्हती. तरी ही माणसे त्याची प्रजा म्हणून चालली आहेत. रेषा मात्र विलक्षण जिवंत. मुलाला कडेवर घेतलेली बाई पाहावी, तर खोटेपणा क्षणभर विसरायला होतो. मला खुपते ते हेच.

१५१९ साली सम्राट वारला आणि काम थांबले. १५२६ साली नातू फर्डिनंडने ती अपुरी मिरवणूक छापवली. फलकांवर कोरायची स्तुतिकवने राहूनच गेली होती. ते फलक नुसतेच काळे उमटले आहेत.