पाच पानांचे यंत्र, तीन पानांची सवय

व्हिडिओ पोकर हा यंत्राविरुद्ध एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. पैसे लावले की पडद्यावर पाच पाने येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची. टाकलेल्यांच्या जागी एकदाच नवी पाने येतात आणि जमलेल्या हाताला यंत्रावरच्या दरपत्रकाप्रमाणे पैसे मिळतात. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या नेवाडात ही यंत्रे आली. महाराष्ट्राच्या शेजारी गोव्यात 1992 च्या कायदादुरुस्तीनंतर पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला परवानगी मिळाली, पुढे समुद्रातल्या जहाजांवरही.

नाशिकच्या माणसाला मात्र पत्ते कळतात ते तीन पत्तीतून. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पंचवटीत काय आणि सिडकोत काय, सतरंजीवर बसणारा डाव तोच. बलिप्रतिपदेला तर द्यूतप्रतिपदा असेच दुसरे नाव आहे. ही सवय घेऊन पाच पानांच्या यंत्रासमोर बसणारा माणूस चुकतो, आणि कुठे चुकतो ते मोजून दाखवता येते.

52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात निघतात. त्यांत साध्या सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती कलरला मारते. पाच पानांचे हात 25,98,960 होतात. तिथे ओळीने लागलेली पाच पाने, म्हणजे स्ट्रेट, 10,200 वेळा आणि एकाच रंगाची पाच पाने, म्हणजे फ्लश, 5,108 वेळा. पारडे फिरले, म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर बसतो. तीन पत्तीत मुरलेल्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. गंमत म्हणजे तीन पत्तीचा स्वतःचा क्रमही गणिताला पूर्ण धरून नाही. एकाच रंगाची, म्हणजे पक्की सिक्वेन्स 48 प्रकारे जमते आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, 52 प्रकारे. तरीही पहिला मान ट्रेलचा. तो परंपरेने दिलेला आहे.

पोकरमध्ये सर्वांत वर रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. असे हात फक्त चार. त्याखाली स्ट्रेट फ्लश 36, एकाच किमतीची चार पाने 624, मग फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी, 3,744. तीन पत्तीतल्या जोड्यांची संख्याही नेमकी 3,744 आहे. पण 22,100 हातांत एवढ्या जोड्या म्हणजे दर सहा डावांत एक, आणि 26 लाखांत एवढे फुल हाउस म्हणजे सुमारे 700 डावांत एक. त्यानंतर फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या आणि शेवटी एक जोडी. सर्वाधिक परिचित यंत्रावर गुलामाच्या किंवा त्यावरच्या जोडीला लावलेले पैसे परत मिळतात. दश्शीच्या जोडीला काहीच नाही.

यंत्राची खरी ओळख दरपत्रकातल्या दोन आकड्यांत असते. एका नाण्याला फुल हाउसचे 9 आणि फ्लशचे 6 देणाऱ्या यंत्रावर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात शंभरामागे 99.54 परत मिळतात. तेच आकडे 8 आणि 5 असले की 97.30. रॉयल फ्लशचे एका नाण्याला 250 मिळतात, पण पाच नाणी लावली तर 4,000, म्हणजे नाण्यामागे 800. चांगल्या खेळातही तो सुमारे 40,000 डावांत एकदा येतो, आणि परताव्यातले जवळपास दोन टक्के एकट्या त्याचे असतात. तो न आलेल्या संध्याकाळी 99.54 चा आकडा उपयोगाचा नाही.

आता एक हात उलगडून पाहू. बदामचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि सोबत चौकटचा गुलाम. गुलामांची जोडी हातात आहे, पैसे परत मिळणार हे नक्की. चौकटचा गुलाम टाकला तर उरलेल्या 47 पानांतून एक येईल. बदाम एक्क्याला 800, बदाम नव्वीला 50, बाकीच्या सात बदामांना सहा-सहा, स्ट्रेट लावणाऱ्या सहा पानांना चार-चार, आणि राजा, राणी, गुलामाची जोडी करणाऱ्या आठ पानांना एकेक. बेरीज 924, 47 ने भागले की सरासरी 19.66. जोडी धरून बसले तर सरासरी जेमतेम 1.54. हातातली जोडी मोडायची हे मनाला पटत नाही, पण उत्तर तेच आहे.

बाकीचे डावपेच याच हिशेबातून येतात. गुलाम ते एक्का यांची जोडी चार पानांच्या फ्लशपेक्षा वरचढ; लहान जोडी मात्र त्याच्यासाठी मोडावी, कारण जोडीची सरासरी 0.82 आणि फ्लशची किमान 1.15. तीच लहान जोडी दोन्ही टोकांना उघड्या स्ट्रेटसाठी सहसा मोडू नये. जोडीबरोबर एक्का राखून ठेवणे ही तीन पत्तीची सर्वांत चिवट सवय. तिथे दोघांच्या जोड्या सारख्या निघाल्या तर एक्का जिंकून देतो. यंत्राशी तुलनाच नसते, एक्का फक्त नव्या पानाची जागा अडवतो. ब्लाइंड खेळणे, चाल वाढवून समोरच्याला पॅक करायला लावणे, ही तीन पत्तीची खरी कलाही इथे निरुपयोगी ठरते.

कायद्याचे चित्र स्पष्ट आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यात सूट आहे ती निव्वळ कौशल्याच्या खेळांना. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ मानले, तेव्हा तीन पानांच्या खेळाचा दाखला निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून दिला. राज्याचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही. 2023 मध्ये तो रद्द करण्याचे ठरले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आणली, आणि तिथे कौशल्य की नशीब हा भेदही ठेवला नाही. नाशिकमध्ये असे यंत्र कायदेशीररीत्या मांडता येत नाही.

गणित पडताळायला मात्र यंत्र लागत नाही. या दिवाळीत घरातला पत्त्यांचा जोड पिसावा, पाच पाने उघडावीत, वरच्या दराने चिंचोके मोजावेत आणि शंभर डावांचा हिशेब वहीत लिहून पाहावा.