समुद्राचं टाइमटेबल

सबमिशन संपलं, वायवा झाल्या, की आपल्या हॉस्टेलवर दोनच प्रश्न उरतात. एक, रिझल्ट कधी? आणि दोन, कोकणात कधी? पहिल्याचं उत्तर ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. दुसऱ्यासाठी मात्र मंडळी माझ्या रूमवर येतात, कारण माझं गाव अलिबाग तालुक्यातलं. मग चौकशी सुरू होते. राहायची सोय कुठे होईल, सुरमईची थाळी कितीला पडते, बाईक न्याव्या का एसटीने जावं. गेल्या तीन वर्षांत एकानेही मला विचारलेलं नाही, की "अरे, आपण जाणार त्या दिवशी तिथी कोणती?"

हसू नका. आमच्याकडे किनाऱ्यावर जायचं तर पहिला प्रश्न हाच असतो. कोकणचा किनारा म्हणजे चोवीस तास उघडी असलेली बाग नव्हे. त्याला टाइमटेबल आहे, आणि ते आपल्या कॉलेजच्या टाइमटेबलपेक्षा कितीतरी काटेकोरपणे पाळलं जातं.

तिथीची पाऊणपट

माझ्या आजोबांनी भरती-ओहोटीचा तक्ता आयुष्यात पाहिलेला नाही. ते तिथी विचारतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि वेळ सांगतात. सूत्र अगदी सोपं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

उदाहरण घेऊ. चतुर्थी म्हणजे 4. पाऊणपट 3. म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, ओहोटी नऊच्या. अष्टमी म्हणजे 8, पाऊणपट 6. भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच.

आता इंजिनिअरिंगवाला म्हणून तुम्ही विचारणार, हे जमतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे चंद्र पुन्हा त्याच जागी डोक्यावर यायला 24 तास 50 मिनिटं लागतात, आणि भरती रोज तेवढीच उशिरा येते. पंधरा तिथींमध्ये ती बरोबर 12 तास मागे पडते. 12 भागिले 15 म्हणजे 0.8. आजोबांचा गुणक 0.75. एवढ्यावर पेपरात मार्क कोण कापेल?

पण फरक आहे, हेही लक्षात ठेवा. पौर्णिमेला सूत्र सव्वाअकरा सांगतं, प्रत्यक्षात आमच्याकडे भरती बाराच्या आसपास येते. म्हणजे चूक पाऊण तासाची. शिवाय हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते. म्हणून या सूत्रावर बेत ठरवा, वेळेत तासाभराची सूट ठेवा, आणि नक्की वेळ मोबाईलवर किंवा गावातल्या कोळ्यांना विचारून पक्की करा.

उधाण आणि भांग

सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्याचा जोर चंद्राच्या साधारण निम्मा असतो, पण दोघं एका दिशेने ओढू लागले की पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, तेव्हा चढउतार कमी. तो भांग.

अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो. गोव्याकडे तो साधारण निम्माच असतो, आणि खंभातच्या आखातात कितीतरी जास्त. कारण उत्तरेकडे समुद्रतळाचा उथळ भाग रुंद होत जातो आणि आखात नरसाळ्यासारखं अरुंद, त्यामुळे पाणी कोंडून वर चढतं.

मेख अशी आहे, की फरक 2 मीटर असो वा 4, वेळ तेवढाच, सुमारे सहा तास. आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ढोबळ नियम आहे. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला 1 भाग, मग 2, 3, 3, 2 आणि शेवटी 1. म्हणजे 4 मीटरच्या उधाणात पहिल्या तासात पाणी जेमतेम 33 सेंटिमीटर चढतं, आणि तिसऱ्या तासात एक मीटर! किनाऱ्याचा उतार 50 ला 1 असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड 50 मीटर आत येते. बरं, ते सरळ रेषेत येत नाही. आधी वाळूतले सखल पाट भरतात. तुम्ही कोरड्या उंचवट्यावर फोटो काढत उभे, आणि मागे गुडघाभर पाणी, असा प्रकार होतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे याचं उत्तम प्रात्यक्षिक आहे. शिवाजी महाराजांच्या काळात बांधकाम सुरू झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं बनलेला हा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला होडी लागते. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. जायचं तर तृतीया ते पंचमी पाहून जा. ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते. ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी फिरल्यावर फार तर तासाभरात परतायचं.

चालताना काय पाहाल

ओहोटीची ओली वाळू चालायला रस्त्यासारखी घट्ट असते. पाऊल टाका आणि नीट बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकी पडते. वजनाने पाणी पिळून बाहेर यायला हवं, इथे उलटंच! दाब पडल्यावर घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. हे 1885 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने समजावून सांगितलं. हो, तोच, ज्याचा नंबर आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये छळतो.

वाळूत काळे पट्टे दिसले तर खिशातला मॅग्नेट फिरवा. बरीच काळी वाळू चिकटेल. तो मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेला. खडकांच्या डबक्यांत खेकडे, कालवं, शेवाळ पाहा, पण खडकावर चप्पल घालूनच, कारण कालवांची धार ब्लेडसारखी असते. अलिबागहून पुढे आक्षीला गेलात तर तिथला शिलालेख चुकवू नका. त्यावर शके 934, म्हणजे इसवी सन 1012 असं साल वाचलं गेलं आहे आणि बरेच अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानतात. आणखी पुढे रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी थेट किनाऱ्याला लागून उभी आहे.

शांत दिसणारं पाणी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाची मुलं-मुली होती ती.

लाटा किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधात जिथे खिंड असेल तिथून जोराने बाहेर पडतं. याला रिप करंट म्हणतात. गंमत म्हणजे, नव्हे, घात म्हणजे, तिथे लाटा कमी फुटतात. आजूबाजूला फेस आणि मधे गडद, शांत पट्टा. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. या प्रवाहाचा वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या विरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. गावच्या विहिरीत सूर मारणाऱ्यांनो, विहीर तुम्हाला ओढून नेत नाही, हे ध्यानात ठेवा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी असाच जोर असतो.

सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नका. दम टिकवा, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. हा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला परत आणतील. आणि मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. एकामागोमाग सगळे जातात ते असेच. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, दोरी, जे असेल ते फेका. आरडाओरडा करून कोळ्यांना बोलवा. 112 ला फोन करा. तटरक्षक दलाचा नंबर 1554.

निघण्यापूर्वी

मेसच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा, पाऊणपट करा आणि भरती-ओहोटीच्या वेळा सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवा. पाण्यात कोण उतरणार आणि काठावर लक्ष ठेवायला कोण थांबणार, हे खोलीवरच ठरवा. काठावर थांबणाऱ्याला थाळीत एक तुकडी जास्त द्या, म्हणजे वाद होणार नाही! दारू घेतलेल्याने पाण्याजवळ फिरकायचं नाही, यात चर्चा नको. आणि गावकरी "आज नको" म्हणाले, तर वाळूतूनच चाला. रेक्टर सरांना विनंती, की सहलीच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: भरतीची वेळ.

गणित जमलं नाही तर माझ्या रूमवर या. फी म्हणून येताना आमच्याकडचे सोडे तेवढे घेऊन या.