मेंढपाळांचा देव कोकणात

पुराणांतील किंवा ग्रीक महाकाव्यांतील देव शतकानुशतकांच्या श्रद्धेतून घडलेले असतात आणि ते एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात तेव्हा त्यांच्याबरोबर पूजाविधी, पुरोहित आणि सणवारही जातात. लेखकाने एखाद्या कथेपुरत्या निर्माण केलेल्या देवाचे भांडवल मात्र एक नाव आणि त्याच्याविषयीची चार-दोन वाक्ये एवढेच असते, त्यामुळे पुढचा लेखक त्या नावात आपल्या समाजाची भीती, हाव किंवा धर्मकल्पना भरण्यास मोकळा राहतो. इंग्रजी भयसाहित्यातील ‘हॅस्टर’ या कल्पित देवाचे एकशे सत्तावीस वर्षांत जे झाले, त्यात ही प्रक्रिया विशेष स्पष्टपणे दिसते. शिवाय या प्रवासाचा एक टप्पा मराठी कथेतून जातो.

हॅस्टरचा पहिला उल्लेख अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या 1891 मधील एका छोट्या रूपककथेत येतो. हैता नावाचा तरुण मेंढपाळ रोज सूर्योदयाला हॅस्टरची प्रार्थना करतो आणि हॅस्टर ती ऐकून प्रसन्न होतो, इतके या देवाचे सौम्य रूप तेथे आहे. अतिवृष्टीने पूर येऊ लागतो तेव्हा सखल भागातील नगरे वाचवावीत, अन्यथा आपण भक्ती सोडू, अशी अटच हैता घालतो, आणि हा मुलगा बोलल्याप्रमाणे करणारा आहे हे ठाऊक असल्याने देव पुराचे पाणी समुद्राकडे वळवतो. भक्ताच्या धमकीला बधणाऱ्या या देवात भीतीदायक असे काहीच नाही.

रॉबर्ट डब्ल्यू. चेंबर्स याने 1895 मधील ‘द किंग इन यलो’ या कथासंग्रहात बिअर्सकडून काही नावे उचलली, पण त्यांचे अर्थ मागेच ठेवले. बिअर्सच्या लेखनात हाली हा एक तत्त्वचिंतक होता, तो चेंबर्सकडे सरोवर झाला. हॅस्टर एका कथेत ताऱ्यांच्या नावांशेजारी येतो, तर दुसऱ्या कथेत तो ससाणे सांभाळणारा साधा सेवक आहे. वाचणाऱ्याला वेड लावणारे एक शापित नाटक या संग्रहाच्या केंद्रस्थानी असल्याने त्याच्या सावलीत ही सारी नावे गूढ आणि अशुभ वाटू लागली, आणि चेंबर्सला बहुधा एवढेच साधायचे होते.

एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) याने ‘विअर्ड टेल्स’ या मासिकातील आपल्या कथांमधून मानवपूर्व काळातील प्रचंड, परग्रहीय शक्तींचे एक देवमंडळ उभे केले. तो स्वतः निरीश्वरवादी होता आणि त्याच्या या ‘देवां’ना माणसाविषयी प्रेमही नव्हते आणि द्वेषही नव्हता, माणूस त्यांच्या खिजगणतीतच नाही, हीच त्या कथांतील खरी भीती होती. 1931 च्या एका कथेत त्याने हॅस्टर हे नाव इतर विचित्र नावांच्या यादीत टाकले, पण ते व्यक्तीचे आहे, स्थळाचे आहे की आणखी कशाचे, हे त्याने उलगडले नाही.

लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र आणि प्रकाशक ऑगस्ट डर्लेथ याने या मोकळ्या जागा भरून काढल्या. डर्लेथ श्रद्धाळू कॅथलिक होता आणि त्याच्या हातात हे देवमंडळ सुष्ट आणि दुष्ट शक्तींच्या सनातन युद्धात रूपांतरित झाले. त्याने या शक्ती महाभूतांमध्ये वाटून दिल्या, त्यात हॅस्टरला वायुतत्त्व मिळाले, कथुल्हू या सुप्रसिद्ध शक्तीला जलतत्त्व मिळाले आणि दोघे एकमेकांचे सावत्र भाऊ व हाडवैरी ठरले. समुद्रतळाशी कोंडलेल्या कथुल्हूला पाण्याचाच अधिपती करण्यात जी विसंगती आहे ती टीकाकारांनी वारंवार दाखवली आहे आणि ती रास्तही आहे. लव्हक्राफ्टच्या विश्वाचे या व्यवस्थापनाने नुकसानच केले. तरीही पुढे सर्वत्र पसरली ती डर्लेथचीच मांडणी, कारण खेळ रचणाऱ्यांना आणि चित्रकथाकारांना तक्ता लागतो. 2009 पासून जपानमध्ये निघालेल्या ‘हाइयोरे! न्यारुको-सान’ या किशोरांसाठीच्या विनोदी कादंबरीमालेत हे देव परग्रहावरून आलेले तरुण-तरुणी आहेत आणि हॅस्टर तेथे एक कोवळा, लाजरा मुलगा आहे.

भारताकडे येणारी वाट स्टीफन किंग याच्या 1984 मधील ‘ग्रॅमा’ या कथेतून निघते. मरणासन्न आजीबरोबर घरात एकटा राहिलेला अकरा वर्षांचा मुलगा, आजीचे जादूटोण्याशी असलेले नाते, आणि तिला आवरण्यासाठी हॅस्टरच्या नावाचा करायचा उपयोग, असा या कथेचा गाभा आहे. नारायण धारप यांनी तिच्यावर बेतलेली ‘आजी’ ही मराठी कथा लिहिली, आणि धारपांच्या कथेतून प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांनी 2018 मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देणारे असले, तरी कथानकाचा तिच्याशी संबंध नाही.

चित्रपटात हॅस्टर ‘हस्तर’ होतो. त्यातील साखळदंडाने बांधलेली राक्षसी म्हातारी आणि हस्तरचे नाव घेताच तिचे झोपी जाणे, एवढा भाग किंगच्या कथेशी सरळ जुळतो. त्यापुढची पुराणकथा मात्र सर्वस्वी नवी आहे. सोने आणि धान्य यांची अमर्याद साठवण असलेल्या पूर्तीच्या देवीने असंख्य देवांना जन्म दिला. त्यांतील पहिला मुलगा हस्तर याने सारे सोने बळकावले आणि धान्याकडे हात वळवताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने आपल्या लाडक्या मुलाला पोटात घेऊन वाचवले, पण त्याची पूजा कधीही होऊ नये, त्याला सर्वांनी विसरून जावे, या अटीवर. कोणत्याही पुराणात न सापडणाऱ्या देवाच्या अनुपस्थितीचे कारण त्याच्या कथेतच सांगण्याची ही युक्ती विलक्षण आहे.

लव्हक्राफ्टच्या देवांना माणसाशी कर्तव्य नव्हते. हस्तरला आई आहे, भावंडे आहेत, आणि त्याचे पाप म्हणजे वाटणीच्या आधीच सगळा हिस्सा लाटणे. ही उघडउघड भाऊबंदकी आहे, आणि एका वाड्याभोवती फिरणाऱ्या 1918 ते 1947 या काळातील कथेला याहून योग्य देव शोधूनही मिळाला नसता. शाप आणि त्यातून सुटण्याची अट हा पुराणांचा नेहमीचा साचाही येथे सहज बसतो. सोने मिळूनही हस्तर उपाशी आहे, म्हणून चित्रपटाचा नायक विनायक देवीच्या गर्भात उतरतो तेव्हा कणकेची बाहुली बरोबर नेतो, हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा पाडतो आणि पिठाच्या रिंगणात राहून स्वतःचा जीव वाचवतो. पुढे हाव वाढून बाहुल्या वाढवल्या जातात तेव्हा जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. हैताच्या देवाने पूर थोपवला होता. तुंबाड या कोकणातील गावात हस्तरचे मंदिर बांधले म्हणूनच देवांच्या कोपाने पाऊस थांबत नाही.

धारपांच्या परकीय कथांवर बेतलेल्या लेखनाकडे उसनवारी म्हणून पाहण्याची मराठी समीक्षेची सवय जुनी आहे. हॅस्टरच्या बाबतीत चेंबर्स, लव्हक्राफ्ट, डर्लेथ आणि किंग हे सगळेच उसनवारी करणारे आहेत, तेव्हा प्रत्येकाने घेतलेल्या नावात काय घातले हाच मोजमापाचा निकष ठरतो. त्या निकषावर डर्लेथचा तक्ता सर्वांत तोकडा आहे आणि कोकणातला हस्तर सर्वांत भरीव.