हळूहळू वजन घटविणे व टिकविणे (बुलढाणा जिल्हा)

हळूहळू वजन घटविणे म्हणजे रोजच्या आहारात व हालचालीत थोडे, पण कायम पाळता येतील असे बदल करून आठवड्याला साधारण अर्धा किलो, फार तर एक किलो, या गतीने शरीरातील जादा चरबी कमी करणे होय. घटलेले वजन पुन्हा वाढू न देणे हा याच प्रक्रियेचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे. या लेखात बुलढाणा जिल्ह्यातील आहार, ऋतुमान, शेतीची कामे आणि सणवार यांच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

विदर्भाच्या पश्चिम टोकावरील या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील ओळखीची पिके. एके काळी नांगरणी, निंदणी, मळणी, विहिरीवरून पाणी आणणे आणि बाजाराला पायी जाणे यांतच दिवसभराचे श्रम होत. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, तणनाशके, नळ आणि दुचाकी आल्यावर श्रमांचा मोठा भाग गळून पडला. ताटातील वाढणी मात्र त्या प्रमाणात कमी झाली नाही. शेतात राबणाऱ्या वडिलांना लागणाऱ्या चार भाकरी खुर्चीवर बसून काम करणाऱ्या मुलाच्या ताटातही सवयीने पडतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आहेत. त्याच फेरीत महाराष्ट्रातील सुमारे एक पंचमांश स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. त्यामुळे वजन घटविण्याचा सल्ला सरसकट सर्वांना लागू होत नाही. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही प्रकारच्या व्यक्ती असतात.

वजन जास्त आहे हे कसे ठरते

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. बोलीभाषेत त्याला बीएमआय म्हणतात. जागतिक प्रमाणानुसार २५ च्या वर जादा वजन मानले जाते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ ही मर्यादा सुचविली. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ५५ किलोच्या वर गेले की ती या मर्यादेपाशी पोहोचते.

मर्यादा खाली आणण्यामागे महाराष्ट्रातील संशोधनाचाही वाटा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘कृश पण मेदयुक्त’ शरीररचनेचा दीर्घ अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, ही आपल्याकडे नेहमी दिसणारी ठेवण त्यामुळे निरुपद्रवी मानता येत नाही. पोटाच्या आतील चरबीचा मधुमेह व हृदयविकाराशी निकटचा संबंध आहे.

म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप उपयोगी ठरतो. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास लक्ष देणे आवश्यक मानले जाते. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी अर्ज भरून घेतात, त्यातही कंबरेचा घेर विचारलेला असतो.

गती मंद का ठेवावी

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो घट होते. पुढे पुढे हा वेग आपोआप मंदावतो. ८० किलो वजनाच्या व्यक्तीने चार ते आठ किलो कमी केले, म्हणजे पाच ते दहा टक्के, तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांत सुधारणा दिसू शकते. लग्नाच्या वेळच्या वजनावर परत जाण्याची गरज नसते.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. जलद घटीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. शिवाय शरीर अशा उपासमारीला प्रतिकार करते. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते. विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करीत होते. हे टोकाचे उदाहरण असले तरी सौम्य स्वरूपात हा परिणाम प्रत्येकात होतो. भूक वाढविणारी संप्रेरके वजन घटल्यावर वर्षभरानंतरही वाढलेली राहतात, असे २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. पुन्हा वजन वाढलेल्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवणे यामुळेच अन्यायाचे ठरते.

घरच्या स्वयंपाकातील बदल

वेगळा, महागडा किंवा परका आहार काही आठवडे पाळला जातो आणि सुटतो. बदल कुटुंबाच्या चुलीवरच घडला तर तो टिकतो.

पहिला हिशेब तेलाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दरडोई रोज २० ते ३० ग्रॅम दृश्य स्निग्ध पदार्थ पुरेसे असतात. पाच माणसांच्या घरात तेलाचा १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात जाते. तोच डबा सव्वातीन-साडेतीन महिने पुरविला तर प्रत्येकाचे रोज सुमारे २० ग्रॅम तेल, म्हणजे १८० किलोकॅलरी, वाचतात आणि कोणालाही एक घास कमी खावा लागत नाही. भरीत, पिठले, पातळभाजी यांत फोडणीचे तेल पळीने ओतण्याऐवजी चमच्याने मोजावे. रश्शावरची तर्री वाढताना बाजूला सारावी. ठेच्यात तेल भरपूर घालण्याची पद्धत आहे. मिरच्या तव्यावर भाजून थोड्या तेलात कुटल्या तरी झणझणीतपणा उणावत नाही.

ज्वारीच्या भाकरीविषयी अलीकडे बरेच अतिरंजित बोलले जाते. ज्वारीचे पीठ आणि चोकरासह गव्हाचे पीठ यांतील उष्मांक जवळपास सारखेच आहेत; ज्वारी खाल्ल्याने चरबी वितळत नाही. भाकरीचा फायदा निराळा आहे. ती बिनतेलाची असते, चावून सावकाश खावी लागते आणि दीड-दोन भाकरींत पोट भरल्याची जाणीव होते. तेल लावलेल्या मऊ पोळ्या मात्र चार कधी संपल्या हे कळत नाही. कळण्याच्या भाकरीत उडीद मिसळलेला असल्याने प्रथिनांचीही भर पडते.

वजन घटत असताना स्नायू राखण्यासाठी प्रथिने आवश्यक असतात. तुरीच्या जिल्ह्यात राहूनही अनेक घरांतले वरण इतके पातळ असते की वाटीभर वरणात मूठभरही डाळ येत नाही. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, हरभऱ्याची उसळ, ताक, दही आणि खाणाऱ्यांसाठी अंडी यांनी ही उणीव भरून निघते. अर्धे ताट भाज्यांचे असावे. अंबाडी, चवळी, शेपू, मेथी आणि पावसाळ्यात रानात उगवणारा कोवळा तरोटा या येथल्या स्वस्त भाज्या आहेत.

चहाचा हिशेबही सोपा आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, १६० किलोकॅलरी. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करीत गेल्यास दोन महिन्यांत जीभ सरावते.

शेगावची कचोरी हा जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे आणि तिला हद्दपार करण्याचे कारण नाही. मात्र तळलेल्या मिरचीसह खाल्लेल्या दोन कचोऱ्यांत जेवढी ऊर्जा असते, तेवढी अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च होत नाही. दर्शनाला गेल्यावर एक कचोरी खाणे वेगळे आणि रोज चौकात आलूबोंड्यावर नाश्ता करणे वेगळे.

स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची अडचण स्वतंत्र आहे. ती शेवटी जेवते, तोपर्यंत भुकेने व्याकूळ झालेली असते आणि ‘टाकायचे कसे’ म्हणून उरलेला भात-भाजीही तीच संपविते. घरात सर्वांनी बरोबर जेवायला बसणे आणि अन्न मोजून शिजविणे हे दोन बदल तिच्यासाठी कोणत्याही आहारतक्त्याहून मोलाचे आहेत. ते तिला एकटीला करता येत नाहीत. घरच्या पुरुषांचा व वडीलधाऱ्यांचा सहभाग लागतो.

उपवास आणि दोन वेळचे जेवण

गुरुवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण आणि नवरात्र धरल्यास अनेक घरांत वर्षाला पन्नासहून अधिक उपवास होतात. त्यांनी वजन क्वचितच घटते. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅमांत सुमारे ३५० किलोकॅलरी असतात व प्रथिने नगण्य. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप व बटाटा मिसळला की खिचडीची ताटली साध्या जेवणाहून जड होते. भगर, ताक, काकडी, रताळे व फळे यांवर उपवास हलका राहतो.

महाराष्ट्रात या विषयावर मोठी चर्चा झाली ती दोन वेळच्या जेवणावरून. नागपूरचे बहुपदवीधर राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) खरी भूक लागेल तेव्हाच जेवावे, असे व्याख्यानांतून सांगत. त्यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि रोज ४५ मिनिटे चालणे, अशी पद्धत मांडली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर याउलट थोड्या थोड्या वेळाने, स्थानिक व पारंपरिक अन्न खाण्यावर आहे. २०१८ च्या सुमारास घराघरांत या दोन मतांचे पक्ष पडले होते. चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकूण उष्मांक सारखेच कमी केले असता जेवणाच्या वेळा मर्यादित करण्याचा लक्षणीय जादा लाभ दिसला नाही. दोन वेळा जेवून ज्याचे एकूण खाणे घटते त्याला ती पद्धत मानवते. जो दुसऱ्या जेवणात दुप्पट जेवतो त्याला नाही.

चालणे आणि श्रम

नियमित हालचालीने वजन घटण्यापेक्षा घटलेले वजन टिकण्यास अधिक मदत होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे हे प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. वजन टिकविण्यासाठी त्याहून जास्त लागते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तेथील चढउताराचे रस्ते चांगला व्यायाम देतात. पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागात मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेथे सूर्योदयापूर्वीची वेळच सोयीची. महामार्गाच्या कडेने अंधारात चालण्यापेक्षा शाळेचे मैदान किंवा पांदण रस्ता सुरक्षित असतो. आठवड्यातून दोनदा उठाबशा, पाण्याच्या बादल्या उचलणे यांसारखे स्नायूंचे व्यायाम जोडावेत. साठीनंतर त्यांचे महत्त्व वाढते.

शेगावहून आषाढीसाठी निघणारी संत गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत, सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून पंढरपूरला पोहोचते. वारीत चाललेले पाय परतल्यावर अकरा महिने दुचाकीवरच राहिले, तर शरीराला तो महिना पुरत नाही.

वजन टिकविणे

अमेरिकेत १९९४ पासून अशा व्यक्तींची नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन घटवून वर्षभर तरी टिकविले आहे. त्यांच्या आहारपद्धती नाना प्रकारच्या निघाल्या. सवयी मात्र मिळत्याजुळत्या होत्या. बहुतेक जण नियमित वजन करतात, रोज सुमारे तासभर हालचाल करतात आणि सुट्टीच्या दिवशीही खाण्याची शिस्त फारशी मोडत नाहीत.

यातून घेण्याजोगी पद्धत साधी आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी वजन करून दिनदर्शिकेवर लिहावे. एखादा किलो वरखाली होणे पाण्यामुळेही घडते. दोन किलोंची वाढ दोन-तीन आठवडे टिकली, तर तेलाचा व चहाचा हिशेब पुन्हा सुरू करावा. दहा किलो परत येईपर्यंत काट्याकडे पाठ फिरविणे हीच बहुतेकांची चूक असते.

वर्षातील सर्व महिने सारखे नसतात. सोयाबीनच्या सोंगणीत व कापूस वेचणीत श्रम होतात. त्याच सुमारास दिवाळीचा फराळ येतो. एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या पंगती, उकाडा आणि शेतीची विश्रांती एकत्र येतात. अशा काळात वजन घटविण्याचा हट्ट न धरता ते वाढू न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. पंगतीत आग्रह मोडणे जड जाते. ताटात सुरुवातीला कमी वाढून घेतले म्हणजे आग्रहाच्या वाढणीला जागा राहते.

वैद्यकीय सल्ला कधी घ्यावा

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी केल्यास किंवा उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आधी बदलून घ्यावी. गरोदर व स्तनदा माता, अठरा वर्षांखालील मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने आहार घटवू नये. प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद मानण्याऐवजी क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडचे विकार व कर्करोग यांची तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची प्राथमिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत विनामूल्य होते.

ओळखीपाळखीतून विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या व शेकच्या डब्यांनी वजन घटते ते जेवण सुटल्यामुळे. डबा थांबला की ते परत येते. २०२५ मध्ये भारतात टिर्झेपटाईड व सेमाग्लुटाईडची वजन घटविणारी इंजेक्शने उपलब्ध झाली. ती परिणामकारक आहेत, परंतु केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाची आहेत. सेमाग्लुटाईड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे एका मोठ्या चाचणीच्या पाठपुराव्यात दिसले. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही स्वयंपाकातील व चालण्यातील बदल करावे लागतातच.