माधापूरची गर्दी, पंजागुट्ट्याची फिर्याद

जानेवारी २०२४. हैदराबादच्या माधापूर भागात रस्त्याकडेच्या एका जेवणाच्या ठेल्यापुढे इतकी झुंबड उडू लागली, की आयटी कंपन्यांकडे जाणारा रस्ता तुंबला. ठेला होता दासरी साई कुमारी यांचा. शहर त्यांना ‘कुमारी आंटी’ म्हणते. २०११पासून त्या तिथे भात, चिकन, मटण आणि कलेजी वाढत होत्या. मग खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांनी त्यांचे वाढणे-बोलणे रील्सवर टाकले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची तरुण मुले दुचाकीवरून तिकडे धावू लागली. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून पोलिसांनी ठेला बंद केला. मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी लक्ष घातल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

मार्च २०२५. याच शहरात पंजागुट्टा पोलिसांनी अकरा जणांवर गुन्हा नोंदवला. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर लोकप्रिय असलेल्या या मंडळींनी बेटिंग ॲपची जाहिरात केली, असा आरोप होता. त्याच आठवड्यात मियापूर पोलिसांनी आणखी पंचवीस जणांवर गुन्हा नोंदवला. त्यांत तेलुगू चित्रपटांतले नामवंतही होते. गुन्हा नोंदवला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, तो निवाडा न्यायालयाचा. पण या प्रकरणाने घराघरांतल्या आईवडिलांना खडबडून जागे केले.

या दोन घटना मला एकत्र सांगाव्याशा वाटतात, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच शक्ती आहे. रोज मोबाइलवर दिसणाऱ्या माणसाने सांगितले म्हणून तरुण मुलगा घराबाहेर पडतो, खिशात हात घालतो. एकदा त्यातून एका कष्टाळू बाईचा संसार फुलतो, एकदा एखाद्याच्या घरातली पुंजी जाते. सोशल मीडियाचा खरा परिणाम किती तास वाया गेले एवढ्यावर मोजता येत नाही. मुले कुणावर विश्वास ठेवायला शिकतात, हे पाहावे लागते.

आमच्या हिमायतनगरात

हैदराबादमधला हिमायतनगर ते नारायणगुडा हा पट्टा विद्यार्थ्यांचा आहे. ज्युनिअर कॉलेजे, क्लासेस, हॉस्टेले आणि त्यांच्या आधाराने चालणारी टिफिन सेंटरे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४०मध्ये सुरू झालेली केशव मेमोरियल ही संस्था नारायणगुड्यातलीच. थोडे पलीकडे अशोकनगर, सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांचे. संध्याकाळी लिबर्टी चौकाकडून चालत निघालात, तर चहाच्या प्रत्येक दुकानापुढे मोबाइलवर झुकलेल्या माना दिसतील.

इथल्या मराठी घरांतली मुले घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि मित्रांत तेलुगू-दखनी बोलतात. पूर्वी त्यांच्या कानावर मराठी पडायची ती आजीची आणि सुट्टीत नांदेड-परभणीकडच्या नातेवाइकांची. आज कोल्हापूरची, वऱ्हाडची, मालवणची बोली त्यांना रीलमधून ऐकू येते. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. जी मुलगी मराठी वाचायला कंटाळते, ती मराठी विनोदावर खळखळून हसते. पण त्याच पडद्यावर पुढच्याच क्षणी कुणीतरी तिला गोरे करणारी क्रीम, झटपट श्रीमंतीचा कोर्स किंवा पैजेचे ॲप विकत असते.

ओळख एकतर्फी, प्रभाव खरा

हे विकणे साध्या जाहिरातीपेक्षा का भिनते? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्येच टीव्हीच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते: पडद्यावर नियमित दिसणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे मैत्रीसारखे नाते जुळते, पण ते एकाच बाजूचे असते. टीव्हीवरचा माणूस ठरल्या वेळी यायचा. इन्फ्लुएन्सर आपल्या स्वयंपाकघरातून, गाडीतून, दवाखान्यातून दिवसभर बोलतो. आपले रडणे दाखवतो, आईचा वाढदिवस दाखवतो. सोळा वर्षांच्या मुलाला तो थोरल्या भावासारखा वाटू लागतो. त्या भावाने दिलेली लिंक ही जाहिरात आहे, हे त्याच्या मनात येतच नाही.

दुसरी गोष्ट लाइकच्या आकड्याची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २०१६मध्ये तेरा ते अठरा वयाच्या बत्तीस मुलांना छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. छायाचित्रांखालचे लाइक संशोधकांनीच ठरवून टाकले होते. तरीही ज्या चित्राला जास्त लाइक, तेच मुलांना अधिक आवडले. धूम्रपान किंवा मद्याची चित्रे पाहताना तर स्वतःला आवर घालण्याशी निगडित भागांतली हालचाल मंदावली. आपली आवड आपलीच आहे असे मुलांना वाटते आणि आकडा तिला हळूच वळवत असतो.

तिसरी गोष्ट रचनेची. बोट सरकवत राहा, मजकूर संपतच नाही, ही सोय २००६मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने घडवली; पुढे त्यांनी स्वतःच तिच्या दुष्परिणामांविरुद्ध आवाज उठवला. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो. इथे थांबायची जागाच ठेवलेली नाही.

आणि हे सारे केवळ शहरांचे राहिलेले नाही. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ७६ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी स्मार्टफोन वापरला होता. अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी.

कायदा कुठवर पुरतो

तेलंगणाने २०१७मध्येच कायदा दुरुस्त करून ऑनलाइन जुगारावर बंदी आणली होती. तरी ॲप पोहोचत राहिली, कारण त्यांना दुकान लागत नव्हते. ओळखीचा चेहरा पुरत होता. आयपीएस अधिकारी व्ही. सी. सज्जनार तेव्हा राज्याच्या एसटी महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक होते. त्यांनी या जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली, तीही सोशल मीडियावरच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला; अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोबदला घेऊन वस्तूची शिफारस केली, तर तसे स्पष्ट सांगावे, हा नियम केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्येच मांडला आहे.

कायदा हवाच. पण बेटिंग गेले तरी उद्या दुसरे काही येईल. मुलाचा विश्वास ज्याच्या हाती, त्याच्याकडे विकणारे येणारच.

वडगावचा भोंगा

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची गोष्ट महत्त्वाची वाटते. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल पुढे सुटेना. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ऑगस्ट २०२२मध्ये ठराव केला: रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता. आईने मालिका सोडली, बापाने व्हॉट्सॲप सोडले, तेव्हा मुलाने पुस्तक उघडले.

हिमायतनगरच्या अपार्टमेंटमध्ये असा भोंगा वाजणार नाही. पण रात्रीचे जेवण फोनविना होऊ शकते. मुलगा ज्याला फॉलो करतो त्याचे दोन व्हिडिओ त्याच्याशेजारी बसून पाहता येतात आणि न रागावता विचारता येते: हा माणूस पैसे कशातून मिळवतो? त्याने दाखवलेली कमाई खरी कशावरून? त्याचे ऐकून नुकसान झाले, तर तो तुझा फोन उचलेल का? या प्रश्नांची सवय लागलेला मुलगा कुमारी आंटीच्या ठेल्यावर खुशाल जेवायला जाईल आणि बेटिंगची लिंक पुसून टाकेल. हे प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र रोज त्याच्यासाठी वेळ काढणाऱ्यालाच मिळतो. तो वेळ आपण मोठ्यांनी आधी द्यायला हवा.